न मागता उघडलेल्या याद्या

अमेरिकेत सांता क्लाराच्या आमच्या ऑफिसातले ते नागपूरचे इंजिनिअर कायम चिडलेले असत. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करताना पुटपुटत, "माणूस नाही, तर दिवा कशाला?"

नवा प्रोग्राम आल्यापासून माझा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागत आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी करायचं माझं काम मागे पडे. मॅनेजर म्हणाला, "शाळा सोडलेली बाई, स्लोच असणार. शुक्रवारनंतर कामावर नको."

हे ऐकून इंजिनिअर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि भडकले. "सुरू होतानाच सगळ्या गिऱ्हाइकांच्या याद्या उघडतोय हा प्रोग्राम. कशाला? मागाल ती यादी, मागाल तेव्हा उघडू दे."

दुपारी प्रोग्राम बदलून त्यांनी मॅनेजरला बोलावलं. "स्लो ही नाही. स्लो मी लिहिलेला प्रोग्राम होता."

मी थँक्यू म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. "महिनाभर माझ्या चुकीची बोलणी खाल्लीत, वहिनी. गप्प कशाला बसलात?"