चर्चच्या पायरीवर बसलेली एस्तेरमावशी

बातमी डॅनीनं दिली. आमच्या घरी फोन नाही. पार्ल्यात आमच्या इमारतीखाली वाणी आहे, त्याच्याकडे फोन येतो आणि तो खालूनच हाक मारतो. गॅसवरचा चहा तसाच ठेवून मी धावत खाली गेले. "ताई, मी डॅनी बोलतोय, मुलुंडहून," तो म्हणाला. "मावशी गेल्या… मी जवळच होतो. फार त्रास नाही झाला." मी फोन ठेवला तेव्हा वाण्यानं स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, मावशी. "फोन कुणाचा होता, मुलाचा?" एस्तेरमावशीचा एकुलता एक मुलगा सुहास ज्यानं चालवलेल्या मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्या मुलाचा तो फोन होता. हे वाण्याच्या दुकानात उभं राहून कसं सांगणार? म्हणून आता, तिला जाऊन महिना उलटल्यावर, बसून लिहिते आहे.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झालेलं. लग्न होऊन ती मुलुंडच्या चाळीत आली आणि पुढे कायमची तिथलीच झाली. काका लवकर गेले. मावशी शाळेत शिवणकाम शिकवायची, संध्याकाळी घरी ब्लाउज शिवायची, आणि रविवारी पांढरी साडी नेसून, सुहासचा हात धरून, स्टेशनजवळच्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये जायची. तोंडानं फटकळ. प्रार्थना लांबली तर पाळकसाहेबांनासुद्धा सांगायची, "साहेब, देवाला ऐकू येतं, आम्हालाही येतं." शेजारच्या सावंतकाकू मालवणकडच्या, त्यांचं आणि हिचं दिवसातून एकदा भांडण आणि दोनदा वाटीची देवघेव. डॅनी मागच्या चाळीतला. तो आणि सुहास संडेस्कूलपासून बरोबर. मावशीच्या हातची भाकरी डॅनीनं सुहासइतकीच खाल्ली असेल. चर्चच्या गायनातही दोघं शेजारी उभे राहायचे. सुहास वरच्या पट्टीत, डॅनी खालच्या. लोक म्हणायचे, हे दोघं असले की पेटी नसली तरी चालेल.

चर्चच्या तरुण संघाची सहल आरे कॉलनीत गेली होती. डॅनीनं कुणाकडून तरी मोटारसायकल मागून आणली होती, आणि जेवणं झाल्यावर झाडांमागे जाऊन दोनचार जण बिअर प्यायले, त्यात तोही होता. सुहास प्यायला नव्हता. एक चक्कर मारून येऊ म्हणून दोघं निघाले, डॅनी चालवत होता, सुहास मागे. उतारावर वळण आलं आणि गाडी झाडावर गेली… सुहास जागच्या जागी गेला. डॅनी वाचला, उजवा पाय मात्र कायमचा आखूड झाला. अंत्यविधीच्या दिवशी मावशी रडली नाही. शवपेटीवरची चादर तिनंच शिवली होती. तिचा एक कोपरा वर आला होता, तो ती सारखा खाली दाबत होती.

डॅनीवर केस चालली. काही महिने तो तुरुंगात राहून आला आणि मग घरातच बसू लागला. त्याची आई चर्चमध्ये यायची ती सर्वांत शेवटच्या बाकावर, आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघून जायची. दोनेक वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी डॅनी आला आणि फाटकापाशीच उभा राहिला. पुढच्या रविवारीही तसाच. चर्चच्या पंचांमध्ये यावरून चर्चा झाली. साळवेकाका म्हणून आमच्याकडचे ज्येष्ठ पंच, सरळ माणूस, पण नियमाचे पक्के. त्यांचं म्हणणं असं की याला आत घेतलं तर एस्तेरबाईंना काय वाटेल? निदान त्यांच्या हयातीत तरी नको. हे मावशीच्या कानावर गेलं आणि ती तडक त्यांच्या घरी गेली. मी तेव्हा बरेच शनिवार-रविवार मुलुंडला तिच्याकडे असायचे, त्या दिवशीही होते, म्हणून तिच्याबरोबर गेले.

"साळवेभाऊ, माझं नाव घेऊन कुणाला दाराबाहेर ठेवू नका."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय," काका म्हणाले. "ज्याच्या हातून जीव गेला तो आणि ज्या आईचा गेला ती, एका रांगेत प्रभुभोजनाला गुडघे टेकणार? बरं दिसतं का ते?"

"मग चर्च कशाला बांधलंय? चांगल्या माणसांना बसायला मुलुंडमध्ये दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत."

हे ऐकून मला वाटलं, केवढं मोठं मन! पण मन मोठं असणं आणि ते झेपणं यांत फार अंतर असतं, हे पुढच्याच रविवारी दिसलं. डॅनी लंगडत आत आला, कडेच्या बाकावर बसला. मावशी मान ताठ ठेवून बसून राहिली. पहिलं गीत सुरू झालं. अर्ध्या कडव्यात ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी मागोमाग गेले. "डॅनीचा आवाज येतोय गं," ती म्हणाली, "आणि वरचा येत नाही… गाणं अर्धंच ऐकू येतं."

त्या दिवसापासून मावशी पायरीवर बसू लागली. दर रविवारी, उन्हात, पावसात छत्री घेऊन. दार उघडं असायचं, उपदेश बाहेर ऐकू यायचा. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायची आणि सगळी गल्ली ओस पडायची. त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून एकटी पांढऱ्या साडीतली मावशी. पाळकसाहेबांनी किती विनवलं. "साहेब, दोघांपैकी एकानं बाहेर बसायचं असेल तर मी बसते," ती म्हणाली. "माझं देवाशी बाहेरूनही बोलणं होतं. त्याचं व्हायचं नाही. त्याला आत असू दे." सावंतकाकूंना हे सहन होईना. त्या एकदा थेट चर्चपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गो एस्तेर, पायरेरच बसाचा आसा तर माज्या वट्यार येवन बस. चाय तरी देतंय." मावशी हसली, पण हलली नाही.

मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की आतून डॅनीचा आवाज येत नाही. "तो गात नाही गं आता," ती मला म्हणाली. त्यात सुटकेपेक्षा काळजीच जास्त होती. त्यानंतरच्या एका रविवारी मी तिच्याजवळ बसले होते. उपदेश चालू असताना डॅनी उठून बाहेर आला आणि एक पायरी सोडून खाली बसला, पाय लांब करून, कारण तो पाय त्याला दुमडता येत नाही. मग मावशीनं रस्त्याकडेच बघत विचारलं, "तू होतास ना रे तिथं… काय म्हणाला माझा सुहास?"

डॅनीनं मान खाली घातली. "हे कुणी विचारलंच नाही मावशी. कोर्टात विचारलं वेग किती होता. इथं विचारलं किती प्यायला होतास."

"मी विचारतेय."

"'सावकाश रे, आई ओरडेल,' असं म्हणाला. हसत होता. माझ्या खांद्यावर हात होता त्याचा… मी ऐकलं नाही."

"हसत होता?"

"हो."

मावशीनं पदर तोंडावर घेतला. मुलगा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होते. ती इतकी रडली की आतल्या शेवटच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून सांग, काय जेवलात, काय बोललात." आणि तो सांगत राहिला. सुहासचा शेवटचा दिवस त्या एकट्या मुलाकडे होता, आणि तो मिळवायचा तर त्याच्याकडेच जावं लागणार होतं.

त्यानंतर दोघंही पायरीवरच बसू लागली. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षरस वाटतात, तो प्रभुभोजनाचा रविवार पुढच्या महिन्यात आला. आतली रांग संपली, आणि पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन मधल्या वाटेनं सरळ चालत दाराकडे आले. मंडळी बघत राहिली. त्यांच्यामागे छोट्या पेल्यांचा ट्रे घेऊन साळवेकाका चालत होते. ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजत होते. पाळकसाहेबांनी आधी मावशीला दिलं, मग डॅनीला. साळवेकाका डॅनीपुढे वाकले, तसं त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण "घे बाळा," एवढंच निघालं. त्यानंतरच्या रविवारी मावशी आत गेली, डॅनीला पुढे घालून. एक-दोन महिन्यांनी तो गायलाही लागला.

मी एकदा तिला सरळच विचारलं होतं, "तू त्याला माफ केलंस का गं?" ती मशीनवर बसली होती. दोरा ओवता ओवता म्हणाली, "रोज सकाळी करते. संध्याकाळपर्यंत टिकतंच असं नाही. मग दुसऱ्या दिवशी परत." मी म्हटलं, हे तुला जमतं कसं? "आपल्या नळाला पाणी नसलं की सावंतांकडून आणतो ना, तसं. माझ्यात नाही गं एवढं प्रेम. देवाकडचं आणते. त्याचं आटत नाही."

शेवटचं वर्ष पोटाच्या दुखण्यानं फार वाईट गेलं. हिंडतीफिरती मावशी अंथरुणाला खिळली. मी पार्ल्याहून जमेल तशी जायचे. रोजचं सगळं डॅनी आणि सावंतकाकू करायच्या. संध्याकाळी कामावरून आला की डॅनी तिच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचा. त्या प्रार्थनेत एक ओळ आहे. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. सुहास गेल्यापासून मावशी त्या ओळीला गप्प व्हायची. सगळं चर्च म्हणत असलं तरी हिचे ओठ मिटलेले. ती म्हणायची, "त्याच्यासमोर खोटं कशाला बोलू?" डॅनी तिच्या शेजारी बसून इतकी वर्षं ते ऐकत होता, म्हणजे ते न ऐकू येणं ऐकत होता. त्यामुळे तिच्या उशाशी म्हणतानाही तो त्या ओळीपाशी थांबायचा, तेवढी जागा रिकामी सोडायचा आणि मग पुढे जायचा.

माझी तिची शेवटची भेट झाली त्या संध्याकाळीही तो तसाच थांबला. पुढची ओळ घेणार, तोच मावशीनं चादरीवरचा हात जरासा उचलला. डोळे मिटलेलेच होते. आवाज अगदी बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट. ती ओळ तिनं स्वतः म्हटली, पूर्ण. डॅनीला पुढचं म्हणता येईना. उरलेली प्रार्थना मी संपवली.

आता पार्ल्याच्या चर्चमध्ये रविवारी ती ओळ आली की माझी जीभ अडते. शेजारच्या बायका पुढे निघून जातात. मी थांबते, ज्याचं नाव मनात खुपत असतं ते एकदा घेऊन बघते… कधी ओळ म्हणता येते, कधी येत नाही. नाही आली तर गप्प राहते, आणि बाकीच्यांना गाठायची घाई करत नाही.