महादेवाच्या बनाआडचा चर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यात दुष्काळ. निलंग्याकडच्या एका गावात महादेवाचं जुनं बन होतं. आत कुऱ्हाड चालत नसे, चाक जात नसे. बैलगाडीसुद्धा कडेलाच सोडायची. एका पुढाऱ्याने तिथल्या झाडतोडीचा ठेका मिळवला. दुसरा पुढारी बन वाचवायला उभा राहिला, पण परवानगीवर सही त्याच्याच माणसाची! बनाचे कागद मागितले, तर ते जुन्या जिल्ह्यात राहिलेले.

दुष्काळी कामावरच्या बायकांनी बनापर्यंत रस्ता केला. ट्रक यायच्या दिवशी सकाळी बघतात तो रस्त्यात आडवा, खोल चर! ठेकेदाराने माझ्या ठाण्यात फिर्याद दिली.

कोतवालाच्या खबरीवरून मी बनातल्या म्हाताऱ्या गुरवाला ठाण्यात आणलं. विचारायच्या आधीच तो म्हणाला, "हाव, म्याच खंदला." त्याला पाण्याचा तांब्या उचलतानाही धाप लागत होती. कबुली अशी आयती मिळाली की मला संशय येतो.

मी पुन्हा चर पाहायला गेलो. मधोमध मातीचा एक खुंट न खणता राखलेला. पंचनाम्यात मीच तो लिहिला होता, पण डोकं चालवलं नव्हतं. दुष्काळी कामावर खड्ड्याची खोली मोजता यावी म्हणून असा खुंट ठेवतात.

रस्त्याच्या कामावरच्या मुकादमबाईला गाठलं. "रस्ता तुमचा आणि चरही तुमचाच?"

ती मान खाली घालून म्हणाली, "रस्ता पोटासाठी केला, साहेब. चर महादेवासाठी. आन खुंट... हाताला सवय हाय."

मला हसू आलं, मग लाज वाटली. बायकांना धरलं तर त्यांच्या चुली बंद. मी 'गुन्हा खरा, आरोपी अज्ञात' असा अहवाल लिहिला. नोकरीत खोटा अहवाल तेवढा एकच. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

सुटका सांगितली तरी गुरव जागचा हलेना.

"बायांना धरनार का?"

"नाही."

तो उठला, दारात थांबला. "मंग टरक आल्यावर कोनाला धरनार?"

पंधरा दिवसांनी चर बुजवला गेला, त्याच बायकांच्या हातांनी, हजेरी लावून. माणूस एकाच बाजूचा असतो हे धरून पोलिसाने चालू नये, इतकं मी शिकलो. बंदोबस्ताला मीच होतो. ट्रक माझ्यासमोरून आत गेले. गुरव कडेला उभा राहून माझ्याकडे बघत होता. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.