एकटीपुरता तंबू

ईना मॅकरेला एका माणसाचा तंबू घ्यायचा होता, आणि तो नवऱ्याच्या देखत घ्यायचा म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. खरं तर घे म्हणून मागे लागला होता तो नवराच.

ईना आणि हेक्टर लग्नापासून चौतीस वर्षं दर जूनमध्ये डोंगरावरच्या एका तळ्याकाठी जाऊन एक रात्र राहत. तळ्याला लांबलचक नाव आहे, पण हे दोघं त्याला नुसतं 'वरचं' म्हणत. आमच्याकडे, इन्व्हरनेसच्या बाजूला, डोंगरात तंबू ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. फक्त सकाळी निघाल्यावर तिथे कुणी झोपलं होतं, हे मागून येणाऱ्याला कळता कामा नये. हेक्टर तर दबलेलं गवत बोटांनी उभं करून निघायचा. हिवाळाभर रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरणारी गाडी चालवणारा धिप्पाड माणूस, आणि गुडघ्यांवर बसून गवताची वेणीफणी करतोय! ईना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिला पोरांना हे रंगवून सांगायला फार आवडायचं.

पहिल्याच वर्षी दोघांचा तंबू आला आणि त्याची वाटणी ठरली. बाहेरचं कापड आणि दांडे हेक्टरच्या सॅकमध्ये, आतलं कापड आणि खुंट्या ईनाच्या. आमच्याकडे जोडीने जाणारे सगळे असंच करतात, वजन वाटलं जातं. हेक्टर पबमध्ये सांगायचा, "भांडण झालं तरी वर पोचेपर्यंत मिटवावंच लागतं. खुंट्या तिच्याकडे असतात." एका वर्षी खरंच ती खुंट्या घेऊन मैलभर मागे एका दगडावर दोन तास फुगून बसली होती, आणि हा वर दांडे हातात घेऊन पावसात उभा. कशावरून भांडण झालं होतं, ते दोघांनाही नंतर आठवत नसे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी हेक्टर पाव आणायला गाडी घेऊन गेला आणि जन्मभर तुडवलेल्या रस्त्यावरून भलत्याच खोऱ्यात निघून गेला. इन्व्हरनेसच्या डॉक्टरांनी त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्याने गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले. परतताना पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "ईना, आज डोकं ठिकाणावर आहे तोवर सांगतो. तू एकटीचा तंबू घे."

"मला नकोय."

"ऐक. मी आलो, तर अर्ध्या वाटेत तुला विचारीन आपण कुठे चाललोय, आणि तू रडशील. तुला रडत रडत चढता येत नाही. धाप लागते तुला."

"आणि मी वर जाऊन काय करू एकटीने? तुझ्या नावानं खडे फोडू?"

"फोड की. ऐकायला मी नसेनच." तो हसला. ईनाला हसू आलं नाही. पण त्या दिवसाचं त्याचं ते बोलणं तिने घट्ट धरून ठेवलं. पुढे मन कच्चं झालं की ती स्वतःला बजावायची, त्यानेच सांगितलंय, शुद्धीत असताना सांगितलंय.

मग तंबू निवडणं सुरू झालं, आणि बरं वाटत असलेल्या दिवशी हेक्टरला दुसरं कामच उरलं नाही. तंबू दीडशे पौंडांच्या आत हवा, कारण दोघांचं पेन्शन ते केवढं. वजन दीड किलोच्या आत, कारण आता सगळं ती एकटीच वाहणार. रंग हिरवा, डोंगराला शोभेल असा. "तो नारिंगी घेऊ नकोस, मेंढ्या दचकतील," तो म्हणाला. कणीक तोलायच्या काट्यावर त्याने तिचा कप, चमचा, मोजे, सगळं तोलून पाहिलं. तिच्या टूथब्रशची दांडीही अर्धी कापून टाकली. ईना चिडली, आणि मग संडासात जाऊन रडली, कारण हा अगदी पूर्वीचा हेक्टर होता.

दुकानातल्या शोनाबाई पन्नाशीच्या होत्या, स्वतः डोंगरात फिरणाऱ्या. त्यांनी तीन तंबू जमिनीवर मांडले. पहिला इतका बुटका की त्यात उठून बसताच येईना. हेक्टर म्हणाला, "शवपेटीचे पैसे तिला इतक्यात नाही भरायचे." दुसरा सगळ्यात हलका आणि सगळ्यात स्वस्त.

"याला दांडा नसतोच," शोनाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातातली चालायची काठी मधे उभी करायची, की झालं. वजन वाचतं आणि पैसेही."

"दांडा नाही?" हेक्टर गोंधळला. "मग मी काय न्यायचं?"

शोनाबाई उगाच खुंट्या मोजायला लागल्या. आपण जाणारच नाही, हे हेक्टरलाच आठवलं असावं. तो घाईने म्हणाला, "म्हणजे, ती काय नेईल. दांडा असलेलाच बरा. वाऱ्याला भक्कम राहतो."

म्हणून तिसरा घेतला, एका वाकड्या दांड्यावर उभा राहणारा. ईना बूट काढून आत आडवी झाली. छत नाकापासून हातभर. सवयीने तिने उजवा हात बाजूला टाकला, तर तो लगेच कापडाला लागला.

"मावतेस का?" बाहेरून हेक्टरने विचारलं.

"मावते."

"मग झालं तर."

घरी येऊन त्याने तंबू काट्यावर ठेवला, पावतीच्या पाठीवर वजन लिहिलं, त्याखाली 'ईना, एकटी' असं लिहिलं आणि पावती घड्याळामागे खोचली.

जूनमध्ये हेक्टरची बहीण क्रिसी एका रात्रीसाठी राहायला आली. क्रिसीला भावजयीचं हे डोंगराचं खूळ कधीच पटलं नव्हतं. "नवरा असा, आणि ही निघाली चांदण्या मोजायला," असं ती दारातच म्हणाली. ईनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सॅक हेक्टरने भरून ठेवली होती. ती उघडून बघावी असं ईनाच्या मनात आलं, पण तो समोर उभा होता. चौतीस वर्षांत त्याने बांधलेलं तिने एकदाही तपासलं नव्हतं. आज तपासलं असतं तर तो तोंडावर केलेला अपमान झाला असता. तिने सॅक पाठीवर टाकली. "चल," ती म्हणाली, आणि जीभ चावून, "येते मी."

"हो, हो, तू हो पुढे," हेक्टर म्हणाला.

चढणीवर पहिला तासभर ती मागे वळून पाहत राहिली. मग पाहायची थांबली. वर्षभरात प्रथमच तिच्या कानांना घरातली चाहूल घ्यायची नव्हती, गॅस बंद आहे का, दार उघडं आहे का. ओढ्यावर ती ओंजळीने पाणी प्यायली आणि तिला चक्क आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही.

संध्याकाळी सहाला ती तळ्यावर पोचली. ऊन अजून लख्ख होतं, वारा असल्यामुळे चिलटं नव्हती. तिने नेहमीच्या जागी सॅक उघडली. दोन्ही कापडं व्यवस्थित घडी घातलेली, खुंट्या मोजून अकरा. दांडा नव्हता.

सगळी सॅक तिने गवतावर उपडी केली. आधी शोनाबाईंना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. मग तिला आठवलं, तंबूबरोबर दांडाही काट्यावर तोलला होता, तिच्या डोळ्यांसमोर. आणि मग दांडा कुठे असणार, हे तिला एकदम कळलं.

रात्र कोरडीच जाणार होती. कापड अंगाभोवती गुंडाळून झोपता आलं असतं, लग्न नवं असताना त्यांनी तसंही केलं होतं. पण तिने सगळं परत भरलं. दबलेलं थोडंसं गवत बोटांनी उभं केलं आणि ती भराभर उतरायला लागली. रडत रडत उतरता येतं, हे हेक्टरला माहीत नव्हतं.

रात्री नऊच्या सुमाराला ती घरी पोचली तेव्हा मागच्या अंगणात ऊन होतं; जूनमध्ये आमच्याकडे दहापर्यंत सूर्य मावळत नाही. क्रिसी दारातच भेटली. दुपारचा तोरा तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

"तू गेलीस तेव्हापासून बसलाय गं. बूट काढू देत नाही. सूप दिलं तर म्हणे, वर गेल्यावर पिऊ."

हेक्टर अंगणातल्या बाकावर बसला होता. डोंगरातले बूट चढवलेले, नाड्या बांधलेल्या, जुनी सॅक मांडीवर. सॅकमधून दांड्याचं टोक बाहेर आलं होतं.

"किती उशीर?" तो म्हणाला. "परत फुगून बसली होतीस ना? दांडे माझ्याकडे, आणि तू निघालीस पुढे."

"हो," ईना म्हणाली. "चुकलं माझं."

"चल, लाव तंबू. पोचलोयच की आता."

तिने अंगणातच कापड पसरलं. हेक्टरच्या हातांना काही सांगावं लागलं नाही. दांडा त्याने पटापट जोडला, वाकवून कापडात सरकवला, दोऱ्या ताणल्या. खुंट्या ती एकेक करून देत होती आणि तो टाचेने दाबत होता. मग त्याने वाकून आत पाहिलं.

"ईना, यात दोघं कसे मावणार?"

तिने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात, घड्याळामागे, त्याच्याच अक्षरातली ती पावती होती. पेट्रोल पंपावर तिला सांगणारा माणूस एवढ्या वेळात कुठेतरी निघून गेला होता, आणि त्याचा निरोप आता फक्त तिच्याजवळ उरला होता. काय सांगावं, याचा तिने फार विचार केला नाही.

"दुकानातल्या बाईंनी चुकीचा दिला," ती म्हणाली.

"तरीच. पावती आहे ना?"

"आहे."

"मग उद्या बदलून आण. दोघांचा आण."

"आणते."

त्याचं समाधान झालं. खुंट्या उपटून त्याने दांडा सुटा केला आणि आपल्या सॅकमध्ये घातला. कापडं आणि खुंट्या ईनाने आपल्या सॅकमध्ये भरल्या. मग त्याच्यासमोर गवतात बसून ती त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.