ब्रेकवरचं तेल

मी आठवीला विज्ञान शिकवतो. घर्षणाचा धडा तर माझ्या हातचा मळ. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्हाला हसायला सोपं जाईल.

पुण्यातल्या मेव्हण्यानं त्याची जुनी डोंगरात चालवायची सायकल मला दिली. पुढं शॉक, मागं शॉक. वर बसलं की म्हशीच्या पाठीवर बसल्यासारखं हलायचं. आणि वजन? ओसरीवर चढवताना कमरेत उसण भरली. आमच्या ईट गावच्या बाजारात नेली की लोक विचारायचे, "सर, हिला पेट्रोल किती लागतंय?" त्यांना काय कळणार! मला मात्र तिनं येड लावलं.

मग मी तिला बारीक करायला घेतली. हँडल बदललं, सीटखालचा दांडा बदलला, पेडल बदलली. पार्सल आलं की आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. नवा दांडा जुन्यापेक्षा ऐंशी ग्रॅमनं हलका निघाला तेव्हा मी असा नाचलो, जणू पोरगं कलेक्टर झालं. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अवो, सायकल वाळवताय खरं, पण तुमच्या पोटाचं काय?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत न्हाय.

शेवटी ब्रेक आले. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक! चाकाच्या मधोमध चकचकीत पोलादी तबकडी, आणि हँडलवरची दांडी दाबली की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरणार. व्हिडिओ बघून माझे मीच बसवले. एका बोटानं सायकल जागच्या जागी उभी राहायची. महिनाभर गावात भेटेल त्याला अडवून मी ते बोट दाखवलं. लोक मला लांबून बघून गल्ली बदलायला लागले.

बायकोचा मात्र संयम संपला. ओसरीभर खोकी, सुटीच्या दिवशी नवरा चाकाखाली. तिनं फर्मान काढलं, "दसऱ्याला माळावरच्या देवीचा चढ पाय न टेकवता चढायचा आणि धड परत यायचं. जमलं तर ठेवा. न्हाय तर भंगारवाल्याला घालते." ती बोलते ते करते. माझ्या माशांच्या काचपेटीचं काय झालं, ते मी बघितलं होतं. सायकल पणाला लागली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी लोखंड कोरडं ठेवायचं न्हाय. विळे, खुरपी, कुऱ्हाड, सगळं धुवायचं, तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि पूजेला मांडायचं. लहानपणापासून हे काम माझं. मी सगळं पुसलं. त्याच फडक्यानं सायकल पुसली. हात चालूच होता, म्हणून दोन्ही तबकड्याही पुसल्या, पुढून आणि मागून. काय चमकल्या म्हणता! घर्षणाचा मास्तर ब्रेकला तेल चोळतोय आणि वर शीळ घालतोय. नंतर आईनं येऊन हँडलला हळदकुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं आणि आत गेली.

दसऱ्याला चढलो. खरंच चढलो! जीभ बाहेर आली, पण पाय टेकवला न्हाय. चढाला ब्रेक लागतोय कशाला? देवीला हात जोडले आणि उतारावर सायकल सोडली. पहिल्या वळणावर दांडी दाबली, तर ब्रेकनं नुसती किंकाळी फोडली. सगळी बोटं लावून आवळलं, तरी सायकल ऐकेना. समोर शेळ्या, डावीकडं ओढा, उजवीकडं रानात काढून रचलेलं सोयाबीन. "सरका, सरका!" ओरडत मी सोयाबीनात घुसलो. रानमालकानं मला उपसून काढलं आणि म्हणाला, "सर, एका बोटानं थांबती म्हणला हुता की!"

तबकडीला बोट लावलं तेव्हा ते तेलकट झालं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

घरी दारातच बायको. माझ्या डोक्यात शेंगा, कोपर सोललेलं. "झालं समाधान? ब्रेक तुम्हीच बसवले न्हवं? उद्याच बोलावते भंगारवाल्याला."

आणि मी बोलून गेलो, "ब्रेक चांगलेच हाईत. आईनं पूजेत तेल लावलं त्यांना."

आई तिथंच बसून आपट्याची पानं निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग सुनेला म्हणाली, "व्हय गं, माझंच चुकलं. म्हातारीला काय कळतंय मशिनीतलं."

सासूला बायको काय बोलणार? सायकल वाचली. नवे पॅड घातले, तबकड्या धुतल्या, परत एका बोटानं थांबायला लागली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला न्हाय. स्वतःची लई लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून काय मी सायकल सोडली न्हाय.

औंदा खंडेनवमीला आईनं विळ्यांना, खुरप्यांना, बायकोच्या शिलाई मशीनला कुंकू लावलं. सायकलपाशी येऊन थांबली आणि ताट माझ्या हातात दिलं. "हिला तूच लाव बाबा. परत काय झालं तर माझं नाव नको."

बायको शेजारीच उभी होती. मी कुंकू लावलं, आणि तेव्हाही गप्पच बसलो.