ओल्या गारगोट्यांचा लॉट

बायांनी आणलेल्या दगडांवर आधी पाणी शिंपडायचे, ते ओले असतानाच पास करायचे आणि पुढे फुटले म्हणजे बायांनाच चोर म्हणायचे, याला तुम्ही व्यापार म्हणाल का?

वाशीमच्या आमच्या गोडाऊनमध्ये म्हणत. गुजरातेतल्या खंबायतच्या मणी करणाऱ्या कारखान्याने, दगड फुटतात म्हणून, आमचा अख्खा लॉट परत पाठवला होता. मालक त्या पोत्यांपाशी ओरडत उभे होते. अंगणात, चार हात लांब, तुळसाबाई उभी होती. पैनगंगेच्या पात्रातून गारगोट्या वेचून आणणाऱ्या बायांची ती म्होरकी. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीला उन्हाळ्यात एवढेच काम असे.

"मुद्दाम फुटके गोटे भरले तुमी! उद्यापासून कोनी यायचं नाही. दुसरे लोक लावतो मी."

"फुटके होते तं घेतले काहून, मालक? निवडाले डोये कोनाचे होते, आमचे का तुमचे?"

मी तिथे नुकताच सॉर्टर म्हणून लागलो होतो. त्याआधी खंबायतला काम केले होते, म्हणून फुटण्याचे कारण मला दिसत होते. ते सांगतो.

गारगोटीचे ओबडधोबड मणी कातड्याच्या पिशवीत भरतात. त्यात कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड आणि पाणी घालतात. मग दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी दिवसचे दिवस दोरीने इकडून तिकडे ओढतात. दगडच दगडाला घासून पॉलिश करतो. त्यात एखादा चिरलेला निघाला तर तो आत फुटतो आणि त्याच्या कपच्या बाकीच्यांना ओरबाडतात. म्हणून सॉर्टरचे खरे काम चीर शोधण्याचे. रंग कोणीही बघेल.

चीर शोधायची तर दगड ओला करावा आणि उन्हात ठेवून द्यावा. ओला दगड लबाड असतो. चकाकतो आणि बारीक चीर लपवतो. वाळू लागला की सगळा कोरडा होतो, फक्त चिरेत शिरलेले पाणी मागे राहते. काळी रेघ दिसते. तो दगड रिजेक्ट.

आमच्याकडे काय चाले? बायांनी टोपल्या अंगणात लांबूनच रिकाम्या करायच्या. गड्याने ढिगावर तांब्याने पाणी शिंपडायचे. माल 'शुद्ध' झाला की मालक पाटावर बसून त्या ओल्या ढिगातूनच भराभर दगड निवडणार. विटाळ धुण्याच्या नादात हा माणूस स्वतः आंधळा होत होता, आणि शिक्षा बायांना!

तुळसाबाईची त्या दिवशीची टोपली अजून भरलेली होती. मी पुढे झालो आणि तिच्या हातातून घेतली. गडी "अरे, अरे" करत राहिला. मी गोटे बादलीत बुडवले आणि ओसरीच्या पायरीवर मांडले.

"मालक, यातले पास काढा."

पायरीवर बसून त्यांनी चकाकणारे बाजूला काढले.

"आता जरा थांबा."

ऊन रणरणत होते. बघता बघता त्यांनी निवडलेल्या कित्येक दगडांवर काळ्या रेघा उमटल्या. मालकांनी एक उचलला, नखाने रेघ खरवडून पाहिली. रेघ गेली नाही.

"बरं," ते म्हणाले. "पानी शिंपडलं का वाळू देत जा. बायाले म्हना, या कामाले."

"पण शिंपडायचंच काहून?" मी विचारले.

"तू पगार सॉर्टिंगचा घेतो का कीर्तनाचा?"

तुळसाबाई हसली. "अवो मालक, हे गोटे जलमाचे नदीत पडेल हायेत. पैनगंगेचं पानी पुरलं नाही, अन् तुमचा तांब्या पुरते व्हय? आता हातातून घ्या, नाहीतं राहू द्या तुमचं काम."

मालक उठलेच नाहीत. बायांनी टोपल्या उचलल्या आणि गेल्या. मलाही त्याच दिवशी काढले. कारण काय, तर टोपली हातातून घेतली. परत आलेल्या लॉटबद्दल मालकांनी गावात अवाक्षर काढले नाही.

नव्या लोकांना पात्र ठाऊक नव्हते. त्यांनी पोतेभर बिनकामाचे दगड आणले. खंबायतची ऑर्डर तुटली. तरी मालकांनी तुळसाबाईला बोलावणे धाडले नाही. गारगोटी हेरणारे ते हात उन्हाळाभर जवळच्या मालेगावच्या रस्त्यावर गिट्टी फोडत होते.

तोटा झाला की माणूस शहाणा होतो, असे मी अस्पृश्यता निवारणाच्या पुष्कळ पत्रकांत वाचले होते. होत नाही. तो तोटा सोसतो, पण तांब्या सोडत नाही.

म्हणून वाचकहो, कोणाला तोटा होण्याची वाट बघू नका. उद्या तुमच्या दारात कोणी मोळी, सूप, टोपली घेऊन येईल. "तिथंच ठेव" म्हणू नका. पायरी उतरा आणि हातातून घ्या.