वर राहिलेला हात

कायदेभंगाच्या दिवसांत सोलापुरात मी बऱ्याच सभा ऐकल्या. शाळेत गणित शिकवत असल्याने वक्त्याचे मुद्दे मनात मोजायची सवय होती. देश संकटात आहे हे प्रत्येक पुढारी सांगे, आणि ते खरंच होतं. पण लोक हलत ते त्या वाक्याने नव्हे.

एकदा शेजारच्या विणकराबरोबर गेलो होतो. त्याच्या घरी तेलुगू बोलत; माझ्याशी तो मराठीत बोले. बाहेरगावचा पुढारी परदेशी मालाचे आकडे वाचत होता. मला आकडे आवडतात, तरी लिहिलं पाहिजे की माझ्या पुढच्या ओळीत चौघे जांभया देत होते. पुढाऱ्याने ते पाहिलं असावं. कागद खिशात घालून त्याने विचारलं, "इथं मागावर बसणारे किती? हात वर करा."

पुष्कळ हात वर गेले. माझ्या शेजाऱ्याचा जरा उंचच.

"तसेच ठेवा. उद्यापासून जो परदेशी धागा मागावर विणणार नाही, त्याने हात खाली घेऊ नये."

मी मागेपुढे नीट पाहिलं. एकही हात खाली आला नाही. बाजूला बसलेले बघत असताना कोण घेणार?

शेजाऱ्याच्या मागावर तेव्हा मोहोळच्या एका गृहस्थाच्या मुलीसाठी लग्नाचं लुगडं होतं. काठ परदेशी रेशमाचे. सोळा हातांपैकी नऊ हात विणून झाले होते आणि लग्न आठवड्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माग थांबवलेला पाहून मी समजूत घालायला गेलो. प्रश्न दोन होते आणि हात एकदाच वर केला होता. म्हणून उत्तर पहिल्याच प्रश्नाचं धरावं, असं मी मांडलं.

त्याची बायको सुताच्या कांड्या भरत होती. मलाही कळावं म्हणून ती मराठीत म्हणाली, "मास्तर सांगतात ते ऐका की. सभेतली माणसं हे लुगडं नेसणार हाईत का?"

त्याने ताण्याच्या उभ्या धाग्यांवर हात फिरवला. "हात माझाच होता, मास्तर. खाली घेता आला असता की."

मग त्याने दोन्ही काठांचे रेशमी धागे मागच्या बाजूने कापले आणि प्रत्येक टोकाला इथल्याच गिरणीच्या सुताचा धागा बांधला. दोनशे चाळीस गाठी झाल्या. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. उरलेले सात हात सुती काठाचे विणले गेले.

मोहोळचे गृहस्थ आले. लुगडं उलगडून सांध्यापाशी थांबले आणि दोन घरची लुगडी शिवून दिलीत काय, असं त्यांनी विचारलं. शेजाऱ्याने सभेची हकीकत सांगितली.  त्यांनी लुगडं टोकापासून सांध्यापर्यंत हाताने मोजून पाहिलं.

"पदराकडं रेशीम हाय. सुताचं आत खोचलं जाईल, कुणाला दिसायचं न्हाय," असं म्हणून त्यांनी घडी काखेत घातली.

लुगडं गेलं याचा शेजाऱ्याला आनंद झाला. सूत लपवण्याचं शेवटचं वाक्य मात्र त्याला लागलं. दोन दिवस तो त्यावर बोलत होता.

पुढे आणखी एक पुढारी आला. त्यानेही आधी विणकरांना हात वर करायला सांगितलं. माझा शेजारी हात मांडीवर ठेवून बसला. दुसरा प्रश्न पुरा ऐकल्यावर त्याने हात वर केला.