जित्या माणसाचा फोटो

दिरांनी माझ्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला आणि दवाखान्याच्या फरशीवर आपटला.

“जित्या माणसाचे असले फोटो काढतेत का, वैनी? आत्ताच भिंतीला लावायलाव का तिला?”

बायकांचा वॉर्ड होता. ज्यांना उठता येत होतं त्या सगळ्या उठून बघायला लागल्या. माझी धाकटी जाऊ खाटेवर बसलेली. डोक्यावर पदर नाही आणि डोक्याला केसही नाहीत. छातीतल्या गाठीसाठी लातूरला औषधं चालू होती, त्यात केस गेले होते. ते बोडकं डोकं तिनं मला दाखवलं होतं, नर्सला दाखवलं होतं, नवऱ्याला नाही. दीर आले की ती पदर भुवयांपर्यंत ओढायची. त्या सकाळी ते चहाचा थर्मास घेऊन वेळेच्या आधीच आत आले. तिनं पदर ओढायला बघितला, तर तो तिच्याच मांडीखाली अडकलेला. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. मोबाईलचं मला काही वाटलं नाही. ते हात बघवले नाहीत.

फोटो तिनंच काढायला लावला होता. त्याला कारण आमची सासू.

सासू गेली तेव्हा घरात तिचा धड फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात तिचं तोंड दिसत होतं. तेवढं घेऊन माझा मुलगा मुखेडच्या एका स्टुडिओत गेला. तेराव्याला फोटो आला. तोंड सासूचं आणि खाली हिरवी गोल साडी, खांद्यावर पिन लावलेली. सासूनं जन्मभर इरकली लुगडं नेसलं. शेजारच्या घरात त्यांची म्हातारी भिंतीवर होती, तीही त्याच साडीत. पिनसुद्धा तीच. मी स्टुडिओवाल्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, “बायांना ही साडी, गड्यांना निळा कोट. समद्यांना बसतंय, आजी.”

हे मी जावेला सांगितलं आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, “अक्का, माझं असं होऊ देऊ नको. मला माझ्याच लुगड्यात ठेव.”

मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर नांदेडला मुलाकडे राहायला आले. मुलानं नवा मोबाईल घेतला, जुना माझ्याकडे आला. त्यावरच फोटो शिकवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून मी शिकले. सुरुवातीला माणसांची डोकी कापली जायची, नाहीतर पाय. मग कळलं की माणूस खिडकीजवळ तिरका बसवायचा, उजेड एका गालावर घ्यायचा. लांबून मोठं करायचं नाही, आपण उठून जवळ जायचं. कोपरं पोटाला लावायची आणि दाबताना श्वास धरायचा.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या बाया फोटो म्हटलं की पदर सारखा करतात आणि ठाण्यात उभं केल्यासारख्या ताठ होतात. तो त्यांचा चेहराच नसतो. म्हणून माणसाला बोलतं करायचं आणि तो आपल्याला विसरला की दाबायचं, हे शिकायला मी विष्णुपुरीच्या धरणावर बसायचे, गावाकडे गेले की मुखेडच्या बाजारात. तिथं बांगड्यांच्या गाड्यावरचा म्हातारा एकदा म्हणाला, “काय आजी, फोटो कुठं दाखवायचाय? सोयरीक जमवायली का माझी?”

“तुला कोण देतंय? दात किती राहिलेत बघ आधी.”

तो तोंड उघडून हसला आणि मला पहिला बरा फोटो मिळाला.

जावेला गाठ निघाली तशी मी सोबतीला लातूरला गेले. दीर उदगीरच्या आडतीत कामाला होते, ते अधूनमधून यायचे. जाऊ फोटो काढू देत नव्हती. “केस येऊ दे,” म्हणायची. त्या सकाळी कसं कोण जाणे, तिनं पदर खाली टाकला आणि म्हणाली, “काढ. येतेत का न्हाईत कुणाला ठावं.”

आधी तीही ताठच बसली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेचा डबा आला आणि आमच्या जावेला राहवलं नाही. “लातुरात पाण्याची टंचाई म्हणतेत. तुमच्या सुनेच्या वरणात तर लई पाणी हाय की.” ती बाई हसली, जाऊ तिच्याकडे वळली, मी दाबलं. त्याच वेळी दीर दारातून आत आले.

नंतर ते बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. मी जवळ गेले.

“केस कधी गेले?”

“झाले लई दिवस.”

“मला कुणी सांगितलं न्हाई.”

“तुम्ही विचारलं का?”

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि चहा मला दिला. माफी वगैरे काही मागितली नाही. मीही मागितली नाही.

मोबाईलची काच गेली होती. पुतण्यानं दुरुस्त करून आणला, फोटो शाबूत होते. जावेचा फोटो चांगला आला होता. डोकं बोडकं, इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि ओठ टोमणा मारून नुकते मिटलेले. ती तशीच होती.

औषधं संपली, ती उदगीरला घरी गेली. डॉक्टर म्हणाले, तपासायला येत राहा. आम्ही सगळे तिच्यावरच डोळे ठेवून होतो. पावसाळा संपता संपता दीर आडतीतच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. मोबाईल दिसला की ते तोंडापुढं हात धरायचे. माझ्याकडे वॉर्डात मोबाईल हिसकताना दाबला गेलेला एक निघाला, त्यात धोतराचा काठ आणि थर्मास, तोही हललेला. कामाचा नव्हता. शेवटी पुतण्यानं आधार कार्डावरचं तोंड नेऊन उदगीरच्या स्टुडिओतून करून आणलं. धोतर-टोपीतला माणूस निळा कोट घालून घरी आला. जाऊ त्याच्याकडे बघत म्हणाली, “हे कोण सायेब?” कुणी हसलं नाही.

तेरावा झाल्यावर तिनं मला आत बोलावलं. “माझा तो फोटो दाखव.” दाखवला. तिनं बराच वेळ बघितला.

“पूस हा.”

“का? चांगला हाय.”

“कुंकू हाय ह्यात. उद्या मी मेल्यावर पोरं हाच लावतील. रांडव बाईच्या कपाळाला कुंकू? न्हाईतर स्टुडिओत नेऊन तेवढं कुंकू पुसून आणतील. त्यापरीस तूच पूस.”

“मग लाव की कुंकू. आता कोण विचारतंय?”

“तू लावलंस का, अक्का?”

मी लावलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशी बायांनी माझं पुसलं, त्यानंतर मी कधी बोट बुडवलं नाही. मी तिच्यासमोर फोटो पुसला. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. दुसरा काढू का विचारलं, तर नको म्हणाली. नंतरही विचारलं. नकोच म्हणते.

आता तिला केस आलेत, आखूड आणि पांढरे. मी उदगीरला जाते, मोबाईल पिशवीतच ठेवते. गाठ तिला झाली होती. गेले दीर. ती जगली.